सगळ्यात हलका गिअर



सायकलच्या दुकानात एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "किती गिअरची आहे?" दुकानातला मुलगाही तयारच असतो. "काका, एकवीस!" काका खूश. सात गिअरवाल्या शेजाऱ्याच्या तिप्पट झाले ना!

त्या एकवीसचा हिशेब जरा उलगडून बघू. पॅडलपाशी तीन दातेरी चक्रं असतात आणि मागच्या चाकाला सात. सात त्रिक एकवीस. आता चेन पुढे 48 दात्यांच्या चक्रावर आणि मागे 24 दात्यांच्या चक्रावर असेल, तर पॅडलच्या एका फेरीत चाक दोनदा फिरतं. तीच चेन पुढे 28 वर आणि मागे 14 वर घ्या, चाक तरीही दोनदाच फिरतं. कागदावर गिअर दोन, पायाला एकच. अशा जोड्या वजा करत गेलं की एकवीसातले बारा-तेराच पायाला खरोखर वेगळे वाटतात. त्यातही काही जोड्यांत चेन इतकी तिरकी धावते की ती कुरकुरायला लागते.

म्हणून मला वाटतं, काकांनी विचारायला हवं ते वेगळंच. "बाळा, यातला सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे रे?"

पुण्यात एके काळी हा प्रश्नच नव्हता. खडकी-दापोडीच्या कारखान्यांची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली. हँडलला डबा, कॅरिअरला पिशवी, नळीवर शाळेतून घेतलेलं पोर. गिअर एकच. पुढे 48 दाते, मागे 18, आणि 28 इंची चाक. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत जवळजवळ 6 मीटर पुढे. सपाट रस्त्याला हे प्रमाण उत्तम. चढ आला की माणूस खाली उतरायचा, सायकल हाताशी धरून चालायला लागायचा, शेजारच्याशी बोलत बोलत. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

कमीपणा आला तो गिअर आल्यावर, आणि ही गंमत काही आजची नाही. फ्रान्समध्ये सेंत-एतियेन गावी पॉल द व्हिव्ही नावाचा एक सायकलवेडा गृहस्थ होता. 'व्हेलोसिओ' या टोपणनावानं तो लिहायचा आणि सायकलला एकापेक्षा जास्त गिअर हवेत, असं हयातभर लोकांना पटवायचा. 1902 साली तिकडे डोंगराळ रस्त्यावर एक चाचणी झाली. एका बाजूला एका गिअरच्या सायकलवर एदुआर फिशर हा नामवंत स्पर्धक, दुसऱ्या बाजूला तीन गिअरची सायकल घेऊन मार्थ एस ही महिला. ती पुढे निघून गेली. एवढं झाल्यावर गिअरचा प्रश्न मिटायला हवा होता. पण पुढच्याच वर्षी 'टूर द फ्रान्स' सुरू करणारे आंरी देग्रांज बधले नाहीत. गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक, खरा जवान स्नायूंच्या बळावरच जिंकतो, असं त्यांचं मत सांगतात. तेव्हाचे स्पर्धक घाटाच्या पायथ्याला खाली उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं फिरवून दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर चेन चढवायचे आणि मग घाटाला लागायचे. माथ्यावर पोचले की पुन्हा तोच उद्योग, तोही थंडीनं गारठलेल्या बोटांनी. चालता चालता चेन सरकवणारा डिरेलर त्या स्पर्धेत चालू लागला 1937 साली. पस्तीस वर्षं गेली, आणि ती सगळी अभिमानापायी!

आपल्याकडे तो अभिमान आजही पुण्याजवळच्या बोपदेव घाटात भेटतो. कोंढव्यातून वर जाताना एखादा तगडा तरुण पुढच्या मोठ्या चक्रावरून चेन उतरवतच नाही. खांदे हलतात, हँडल हलतं, गुडघे कुरकुरतात. पण लहान चक्राला हात लावायचा नाही. बाजूनं एखादी पन्नाशीच्या पुढची बाई भराभर पाय फिरवत, अगदी हलक्या गिअरवर, शांतपणे वर निघून जाते. आजकालच्या बऱ्याच सायकलींत पुढे 34 आणि मागेही 34 दाते अशी जोडी मिळते. एका फेरीत सायकल जेमतेम 2 मीटर सरकते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसात किलोमीटर. चालण्यापेक्षा जरासं जास्त, बस. पण गुडघे शाबूत राहतात, श्वास ठिकाणावर राहतो.

श्वास कशासाठी राखायचा? आमच्या रविवारच्या सायकल-टोळीपुरतं उत्तर सोपं आहे, कॉफीसाठी.

चहाच्या मुलुखात हे सायकलवाले कॉफी का पितात, असं विचाराल तर त्याला थोडा इतिहास आहे. इटलीतली 'फाएमा' ही कॉफीयंत्रं बनवणारी कंपनी. 1961 मध्ये तिनं 'ई61' नावाचं एस्प्रेसोचं यंत्र बाजारात आणलं. त्याआधी कॉफीवाला दांडा ओढून दाब तयार करायचा, आता ते काम विजेचा पंप करू लागला. याच कंपनीनं सायकलपटूंचा संघ पोसला, आणि बेल्जियमच्या एडी मर्क्सनं 1969 ची 'टूर द फ्रान्स' जिंकली ती छातीवर 'फाएमा'ची अक्षरं मिरवत. दुसऱ्या क्रमांकाला त्यानं जवळपास 18 मिनिटं मागे टाकलं होतं. पुढे कोलंबियाचा लुइस एरेरा 1987 ला स्पेनची 'व्हुएल्ता' शर्यत जिंकला, त्याच्या संघाचं नावच 'काफे दे कोलोंबिया'. तिथल्या कॉफी उत्पादकांनी जगभर आपल्या दाण्यांची जाहिरात चालवली ती डोंगर चढणाऱ्या पोरांच्या पाठीवरून.

शरीराच्या बाजूनंही कारण आहे. थकवा जसा वाढतो तसा मेंदूत ॲडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि 'आता पुरे' असा निरोप देतो. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, निरोप पोचत नाही. हा परिणाम इतका खरा की स्पर्धांमध्ये कॅफिनवर मर्यादा होती. 2004 पासून ते बंदीच्या यादीतून निघालं. आता घोट घ्यायला विजेतेही मोकळे आणि आपणही. फक्त पिऊन साधारण अर्ध्या-पाऊण तासानं त्याचा जोर चढतो, तेव्हा घाटाच्या तोंडाशी घेतलेली कॉफी पहिल्या वळणाला उपयोगी पडेल, ही आशा सोडा.

आमच्या रविवारच्या टोळीत मात्र कॅफिनचा विचार कोणी करत नाही. घाट लागला की टोळी फुटते. तिथे सोबत नावाची गोष्ट राहत नाही. ज्याचा त्याचा श्वास, ज्याचा त्याचा गिअर. कोणी पाव तास आधी पोचतं, कोणी नंतर. एक नियम आहे: शेवटचा माणूस येऊन टेकल्याशिवाय कॉफी सांगायची नाही. परत शहरात उतरून फर्ग्युसन रस्त्यावर फिल्टर कॉफी घ्यायची ठरली तरी हाच नियम. स्टीलच्या पेल्यातून वाटीत, वाटीतून परत पेल्यात; फेस येईपर्यंत हा खेळ चालतो आणि तेवढ्यात गप्पांना रंग चढतो. बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा जुनी लोखंडी सायकल घेऊन येतात. कॉलेजातली मुलगी कार्बनच्या फ्रेमवर येते. ती त्यांना चेन पुसायची कशी ते सांगते, ते तिला कॉटर पिन ठोकायच्या दिवसांच्या गोष्टी सांगतात. जड गिअर रेटत आलेला आमचा तगडा गडी मात्र पहिली दहा मिनिटं नुसता मान हलवत असतो, कारण त्याच्याकडे बोलायला श्वास नसतो. गिअर योग्य होता की नाही, हे मी तिथे बघतो. घड्याळात किंवा मोबाइलच्या नकाशात ते दिसत नाही.

आणि हो, महाराष्ट्रात कॉफी पिकते म्हटलं तर अजूनही बरेच जण चकित होतात. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. इंग्रजांच्या काळात ती लागवड सुरू झाली. परतवाड्याहून वर जाणारा घाट विदर्भातल्या सायकलवाल्यांना चांगला ठाऊक आहे. जाणार असाल तर उन्हाळा टाळा, पाणी भरपूर घ्या आणि मागचं मोठं चक्र निदान 32 दात्यांचं बसवून घ्या. कॉफी वर मिळते.