ताल कोणाचा?

वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावर ‘दिवाली’ या नावाचा एक ताल आहे, हे ऐकून दिवाळी अंकाच्या वाचकाला गंमत वाटेल. स्टीव्हन मार्सडेन ऊर्फ लेंकी या वादकाने तो बसवला आणि २००२ साली तो लोकांसमोर आला. टाळ्यांच्या ठेक्यावर धावणारा, ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू न देणारा असा हा ताल. त्याच एका तालावर शॉन पॉलने आपले गीत म्हटले, वेन वंडरने आपले, एलिफंट मॅनने आणखी निराळे. २००३ साली शॉन पॉलचे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि तो सबंध उन्हाळा तिकडची तरुण मंडळी या एकाच ठेक्यावर नाचत होती.

डान्सहॉल संगीताची ही रीतच आहे. शब्दांवाचून नुसत्या वाजवलेल्या अशा रचनेला तेथे ‘रिडिम’ म्हणतात. एकाने रिडिम करावा, दहा-वीस जणांनी त्यावर आपापले शब्द बसवावेत. यात चोरी झाली असे तेथे कोणी मानीत नाही. मग तो ताल कोणाचा?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. १९८५ साली वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही या तरुणांना कॅसिओच्या एका लहानशा वाद्यात आयता भरून ठेवलेला ठेका सापडला. किंग जॅमी या निर्मात्याने त्याची गती उतरवली, आणि ‘स्लेंग टेंग’ जन्माला आला. पुढे त्यावर शेकडो गीते झाली. मूळ ठेका भरला होता हिरोको ओकुडा या जपानी तरुणीने. तिला जमेकाचेच संगीत प्रिय होते. तेव्हा कोणी कोणाचे घेतले, हे कसे ठरवावे?

उलट बाजूही आहे. स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने १९८९ साली ‘फिश मार्केट’ हा रिडिम केला. स्पॅनिश भाषेतील रेगेटॉन गाण्यांचा सारा डोलारा आपल्याच ठेक्यावर उभा आहे, असे म्हणत क्लीव्ही आणि दिवंगत स्टीलीचे वारस २०२१ साली अमेरिकेतील न्यायालयात गेले. वस्तीतल्या वस्तीत फिरणारी उसनवारी निराळी आणि तिच्यावर परक्यांनी बांधलेले वाडे निराळे, हे त्यांचे दुःख मला समजते.

आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द छापीत. त्या एका ओळीत मला मोठी नीती दिसते. चाल घेण्याची लाज नव्हती. लपवण्याची मात्र होती.

मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या पात्रांची बोली मी बाजारातून, एस्‌टीच्या फलाटावरून, मुलांच्या आयांकडून उचललेली असते. मला मानधन मिळते, त्यांना काही नाही. म्हणून हा प्रश्न मला दूरचा वाटत नाही. ताल, चाल, बोली यांना कुंपण घातले तर त्या सुकतील, यात शंका नाही. पण ‘सर्वांचे आहे’ हे वाक्य ज्याच्या पदरात पैसा पडला त्याच्या तोंडी शोभत नाही. नाव सांगणे ही ऋणाची कबुली झाली, फेड नव्हे. घेतलेल्या ठेक्यावर घर उभे राहिले असेल, तर ठेका देणाऱ्याच्या घरी चूल पेटली की नाही, हे विचारणेही त्या घराच्या मालकाकडेच येते.