महाजनकीचा धर्म

व्यापाऱ्याने गावच्या कारभारात किती शिरावे, हा प्रश्न आपण हल्ली अर्थशास्त्राच्या, फार तर कायद्याच्या अंगाने विचारतो. परंतु ज्या काळी वजनमापांतील खोट हा केवळ गुन्हा नव्हे, तर पातकही गणले जाई, त्या काळी तो मूलतः धर्माचा प्रश्न होता, आणि माझ्या मते तो आजही तसाच आहे.

मराठा अमलात नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकारातून आधी कौल दिला जाई, काही वर्षे पट्टी माफ होई किंवा इस्ताव्याने क्रमाक्रमाने चढवली जाई, आणि उदमी आणून दुकाने मांडवण्याचे काम शेटे व महाजन या वतनदारांकडे सोपवले जाई. पेठेतले तंटे ऐकावे, वजनमापांवर नजर ठेवावी, आणि त्याबद्दल दुकानांकडून ठरलेला हक्क व सणावारी मानपान घ्यावा, असा हा उघड व्यवहार होता. त्यात निःस्वार्थतेची अपेक्षा कोणी धरली नव्हती, हे मला मोठे समंजसपणाचे वाटते. पेठ भरली तर महाजनाचा हक्क वाढे, ओस पडली तर तोही बुडे, आणि हा स्वार्थ सनदेत नमूद असल्यामुळे त्याची मर्यादाही नमूद असे. वतन वंशपरंपरेने चाले आणि कर्त्या बापामागे नालायक मुलगाही त्या मानावर बसे, हा दोष अर्थात झाकण्यात हशील नाही.

देहूच्या तुकोबांच्या घराण्याकडे अशीच महाजनकी होती, हे त्यांच्या अभंगांच्या तेजात आपण विसरून जातो. दुकान, सावकारी आणि पेठेचा मान एकाच घरी नांदत असल्यावर, ज्या कुळाकडे आपले येणे थकले आहे त्याच्याच तंट्यात निवाड्यास बसण्याचा पेच महाजनापुढे केव्हाही उभा राहावा. १६३० च्या सुमारास घोर दुष्काळ पडला, तुकोबांची पहिली पत्नी त्यात गेली, व्यापाराचे दिवाळे निघाले. पुढे विरक्त होऊन त्यांनी खतपत्रे इंद्रायणीत सोडली, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु परंपरा असेही सांगते की, धाकटा भाऊ कान्होबा याचा निम्मा वाटा त्याच्या हवाली करून तुकोबांनी केवळ आपल्या वाट्याची खते बुडवली. पुष्कळ जण हा तपशील भरभर सांगून पुढे सरकतात. मला प्रसंगाचे मर्म तेथेच दिसते. आपले स्वामित्व निवृत्त करून दुसऱ्याचे उत्पन्न करणे म्हणजे दान, असे धर्मशास्त्री सांगतात, आणि ज्यावर आपले स्वामित्वच नाही त्याचे दान संभवत नाही. वैराग्याच्या भरातही दुसऱ्याचा वाटा ज्याला स्पष्ट दिसला, तो कारभाराला खरा योग्य माणूस; देहूच्या पेठेचे दुर्दैव एवढेच की, तोवर त्याचे मन कारभारातून उठले होते.

मुंबईत नाना शंकरशेटांनी शाळांसाठी झीज सोसली ती स्वतःच्या मिळकतीतून, आणि १८६२ साली ते कायदेकौन्सिलात बसले तेव्हा त्यांचे दातृत्व आणि त्यांचा अधिकार या दोन गोष्टी निरनिराळ्या ओळखता येत होत्या. पुढे १८७२ च्या कायद्याने करदात्यांना निम्मे नगरसेवक निवडण्याचा हक्क मिळाला, आणि सनदेची जागा मताने घेतली. हे इष्टच झाले. मात्र महाजनाचा हक्क कागदावरून पुसला गेला तरी स्वार्थ काही गेला नाही. शहराच्या ठेक्यात सभासदाचा भाग असू नये, असे कायदा बजावतो. पण नवा रस्ता कोणाच्या जमिनीवरून न्यावा आणि कोणाच्या जमिनीशेजारून, हे ठरवणारा शेटजी ठेकेदार असावाच लागत नाही, आणि त्याच रस्त्याच्या उद्घाटनाला त्याच्या औदार्याची भाषणे होतात.

गांधीजींनी धनिकाला विश्वस्त म्हटले, त्या कल्पनेची उंची मला मान्य आहे. तथापि तिच्यात विश्वस्ताची नेमणूक बहुतांशी त्याच्या स्वतःच्या अंतःकरणाकडेच राहते. महाजनाला मात्र हक्काचा वाद उपस्थित झाला म्हणजे सनद हाती घेऊन गोतसभेपुढे नाही तर दिवाणात उभे राहावे लागे, आणि तेथे त्याने बांधलेल्या धर्मशाळांची मोजदाद कोणी करीत नसे.