दुसऱ्या कुणी लिहिलंय का?

पोलादपूरच्या माझ्या पुतण्याने मराठी विकिपीडियावर आपल्या मास्तरांचं पान केलं. डोंगरातल्या वाडीवर मास्तरांनी तीस वर्षं शाळा चालवली, भातलावणीच्या दिवसांत घरोघर जाऊन पोरं गोळा केली. सगळं खरं. पान मात्र वगळलं गेलं. कारण एका शब्दाचं : उल्लेखनीयता. मास्तरांशी लागाबांधा नसलेल्या कुणी त्यांच्याविषयी विश्वासार्ह ठिकाणी सविस्तर लिहिलंय का, एवढंच तिथे विचारतात. नव्हतं लिहिलं.

"म्हणजे काका, आधी दुसऱ्या कुणी मोठं म्हटल्याशिवाय माणूस मोठा नाहीच?"

त्याची चीड मला पटली आणि नियमही पटला. तो नसता तर महाडच्या नाक्यावरचे सगळे 'भावी नगरसेवक' फ्लेक्सवरून उतरून थेट ज्ञानकोशात जाऊन बसले असते. पण महाडच्याच चवदार तळ्यापाशी मन अडखळतं. २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रहात, हजारो माणसं त्या पाण्याकडे चालत गेली. नगरपालिकेने ते तळं १९२४ मध्येच ठराव करून अस्पृश्यांसाठी खुलं केलं होतं, कागदावर. सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केलं आणि त्यात महाडविषयी लिहिलं. विकिपीडियाच्या काट्यावर ही साक्ष 'स्वतंत्र' ठरणार नाही. लिहिणारा त्या घटनेतलाच! ज्यांची बाजू दुसरं कुणी मांडणार नव्हतं, त्यांना स्वतःचं पत्र काढावं लागलं. पुढे अभ्यासकांनी ते लेखन इतर कागदांशी ताडून पाहिलं. आनंद तेलतुंबडे यांचं महाडवरचं इंग्रजी पुस्तक आलं २०१६ साली, जवळपास नव्वद वर्षांनी. आणि तरी, त्या दिवशी ओंजळ भरून पाणी प्यालेल्या बहुतेकांची नावं आपल्याला सांगता येत नाहीत.

बाबासाहेबांच्या त्या लेखनावरचा प्रताधिकार त्यांच्या निधनानंतर ६० वर्षांनी, २०१६ अखेर, संपला. मास्तरांच्या फोटोचं तसं नव्हतं. पुतण्याने तो शाळेच्या स्मरणिकेतून स्कॅन करून चढवला होता, तोही उडाला. "आमच्याच मास्तरांचा फोटो!" हे त्याचं पालुपद. पण फोटोत जो दिसतो तो त्याचा मालक नव्हे. हक्क काढणाऱ्याचा, पैसे मोजून काढवून घेतला असेल तर सहसा पैसे देणाऱ्याचा. काढणाऱ्याच्या निधनानंतर ६० वर्षं तो टिकतो. चौकातल्या पुतळ्याचा फोटो काढायला आपला कायदा मोकळीक देतो, सभागृहातल्या तैलचित्राला ती मोकळीक नाही. (व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं आपल्या वाडवडिलांचं, अशा समजुतीत आपण राहतो. परवानगी मागायची म्हटली की कमीपणा वाटतो.)

फोटो निदान गावाच्या पानावर तरी लागावा म्हणून पुतण्याने महाडात विचारत विचारत फोटोग्राफरचं घर गाठलं. हौसेने फोटो काढणारा तो माणूस कधीच वारला होता. त्याचे चिरंजीव म्हणाले, जुलै २०२१ च्या पुरात निगेटिव्हची खोकी चिखलात गेली, वडिलांच्या हातचं घरात काही उरलेलं नाही. पुतण्याने परवानगीचा विषय बाजूला ठेवला आणि स्मरणिकेतलं ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. फोटोखाली मास्तरांचं नाव होतं, शाळेचं होतं, देणगीदाराचंसुद्धा होतं.

"लावा की," ते म्हणाले. "फक्त खाली बाबांचं नाव टाका."