ग्वाल्हेरचं पिस्तूल आणि दोषाचा वारसा

नथुराम गोडसे आणि नारायण आपटे २७ जानेवारी १९४८ रोजी रात्री उशिरा ग्वाल्हेरला उतरले आणि हिंदू महासभेचे इथले पुढारी डॉ. दत्तात्रेय परचुरे यांच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी बेरेटा बनावटीचं इटालियन पिस्तूल त्यांच्या हाती पडलं आणि ३० तारखेला दिल्लीत त्यातून गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. खटल्यात फिर्यादी पक्षाची बाजू ही होती. नथुरामने पिस्तूल दिल्लीत निर्वासितांकडून मिळाल्याचं सांगितलं. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हा विषय निघाला की आजही आवाज खाली येतो. जरा रंगला, तर 'परचुरे सुटले होते बरं का' हे वाक्य ठरलेलं.

ते खरंच सुटले होते. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयात न्या. आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी त्यांना जन्मठेप दिली. पुढे सिमल्यात भरलेल्या पंजाब उच्च न्यायालयाने त्यांना आणि सहआरोपी शंकर किस्तय्या याला निर्दोष ठरवलं. परचुरे यांनी आपला कबुलीजबाब आधीच मागे घेतला होता. सावरकर खालच्या न्यायालयातच सुटले, नथुराम आणि आपटे यांना फाशी झाली, बाकीच्यांना जन्मठेप. वाद तिथे मिटला नाही. साठच्या दशकात कटाच्या चौकशीसाठी कपूर आयोग बसला आणि त्याच्या अहवालावरूनही दोन तट पडले ते आजतागायत. पण त्या खटल्यात एक गोष्ट घडली, ती मोलाची. आठ आरोपींचा आठ वेळा वेगवेगळा विचार झाला. कोण कुठे होता, कुणाला काय ठाऊक होतं, कुणाविरुद्धचा पुरावा तोकडा पडतो, याची छाननी व्हायला वर्ष-दीड वर्ष लागलं.

महाराष्ट्रात इतका वेळ कुणी घेतला नाही. मारेकऱ्याची जात कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरं आणि दुकानं पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. मुंबईत सावरकरांचे धाकटे बंधू नारायणराव दगडफेकीत जबर जखमी झाले. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' याच दिवसांवरची. पुढचा भाग मात्र आपण सहसा उच्चारत नाही. पोळलेल्या कित्येक घरांनी आपली वेगळी वही उघडली आणि तिच्यात 'त्यांनी' आमचं घर जाळलं अशी नोंद केली. जाळणाऱ्यांत शेजारच्या आळीतली कोणती माणसं होती आणि आपल्याला परड्यातल्या दाराने बाहेर काढणारा माणूसही 'त्यांच्यातलाच' होता की नाही, हे त्या वहीत राहिलं नाही. मंडळींचा समूह झाला आणि समूहाचा गुन्हेगार झाला. नातवंडांना वारशात तेवढंच मिळालं.

हे सगळं आठवायचं कारण गाझा. ऑक्टोबर २०२३ पासून मराठी घरांत, वर्तमानपत्रांत, विशेषतः कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटांत इस्रायल आणि पॅलेस्टाईनवरून जे भांडण चाललं आहे, त्याचा सूर मला अगदी ओळखीचा वाटतो. तेच सर्वनाम, तोच समूह.

योगायोगाने तिकडचंही वर्ष १९४८च होतं. ९ एप्रिलला इर्गुन आणि लेही या ज्यू सशस्त्र गटांनी जेरुसलेमजवळच्या देर यासीन गावात शंभरावर अरब मारले, त्यात बायका आणि मुलं होती. चारच दिवसांनी अरबांनी हदासा रुग्णालयाकडे निघालेल्या ताफ्यावर हल्ला केला आणि ७८ माणसं मारली. त्यांत डॉक्टर आणि परिचारिका होत्या. देर यासीनच्या हल्ल्याशी त्या डॉक्टर-परिचारिकांचा संबंध नव्हता. १७ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोल्के बर्नादोत यांचा जेरुसलेममध्ये लेहीने खून केला. गांधीहत्येनंतर साडेसात महिन्यांनी घडलेला हाही राजकीय खूनच. पण बर्नादोत यांच्या खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. लेहीच्या तीन म्होरक्यांपैकी एक, यित्झाक शमीर, १९८३ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान झाले. आपल्याकडे दोष भलत्यांच्या दारांपर्यंत पसरला. तिकडे तो एकाही नावावर टेकला नाही, आणि न टेकलेला दोष हवेत फिरत राहतो. ज्याला हवा तो उचलतो आणि ज्याच्यावर हवा त्याच्यावर टाकतो.

'सुरुवात कुणी केली?' या प्रश्नाबद्दल ग्वाल्हेरच्या माणसाला काही शिकवायची गरज नाही. आमच्याकडे तो दर निवडणुकीत विचारला जातो. १ जून १८५८ला तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी यांची फौज ग्वाल्हेरलगतच्या मुरारपाशी आली. जयाजीराव शिंदे त्यांच्याशी लढायला बाहेर पडले, त्यांचंच सैन्य पलीकडे गेलं आणि ते आग्र्याला इंग्रजांच्या आश्रयाला पळाले. जूनच्या मध्यावर कोटा की सरायजवळ राणी पडली आणि काही दिवसांत इंग्रज सेनापती ह्यू रोजने शिंद्यांना परत गादीवर बसवलं. इथून गोष्ट सुरू केली तर 'गद्दार' हा शब्द आपोआप येतो. २०२० च्या पोटनिवडणुकीतही तो आला.

आता पंधरा वर्षं मागे जाऊ. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार इथे इंग्रजांनी ग्वाल्हेरच्या फौजेचा एकाच दिवशी दोन ठिकाणी पराभव केला. गादीवर दत्तक आलेला पोर, सैन्य छाटलेलं, उरावर इंग्रज अधिकाऱ्यांची कंटिंजंट फौज आणि तिचा खर्च संस्थानाच्या माथी. त्या पानापासून वाचलं तर जयाजीराव हात बांधलेले संस्थानिक दिसतात. निष्ठेचं बक्षीसही त्यांना लगेच मिळालं नाही. ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी १८८६ पर्यंत आपल्याकडेच ठेवला आणि अखेर झाशीच्या बदल्यात परत केला. मला ही दोन्ही पानं खरी वाटतात. पण १८४३च्या पानामुळे १८५८चं पुसलं जात नाही. हात बांधलेले होते हे मान्य करूनही त्या सकाळी तोफा कुणाकडे वळवायच्या हा निर्णय एका माणसाचा होता. तो निर्णय आज त्यांच्या पणतूच्या मुलाकडून वसूल करायचा, हे मात्र निव्वळ सभेतलं राजकारण आहे.

पॅलेस्टाईनची पानं तर याहून कितीतरी जास्त. एकाची गोष्ट २ नोव्हेंबर १९१७च्या बाल्फोर जाहीरनाम्यापासून निघते. दुसरा हेब्रोनमधल्या १९२९च्या कत्तलीपासून निघतो, जिच्यात ६७ ज्यू मारले गेले. कुणी अरबांनी नाकारलेल्या १९४७च्या संयुक्त राष्ट्रांच्या फाळणी ठरावाला धरतो. ३३ विरुद्ध १३ मतांनी तो संमत झाला आणि विरोधात मत देणाऱ्यांत भारतही होता. कुणी १९६७चं युद्ध धरतो, कुणी २००७ची गाझाची नाकेबंदी, कुणी ७ ऑक्टोबर २०२३. प्रत्येकाचं पहिलं पान त्याला हव्या त्या निकालाच्या अलीकडे एक दिवस असतं.

त्यातलं एक पान आमच्या गावाचंही आहे आणि ते कुणीच उघडत नाही. १९१८ साली जॉर्डनच्या खोऱ्यात जनरल चेटरच्या फौजेत विसावी हिंदी ब्रिगेड होती. तिच्यात ग्वाल्हेर संस्थानची पायदळ पलटण होती आणि ११० वी मराठा पलटणही. तुर्कांना हटवून जो मुलूख इंग्रजांच्या हाती आला आणि ज्यावर पुढे बाल्फोरचा शब्द राबवला गेला, तो मिळवण्यात ग्वाल्हेरमधल्या लष्कर-मुरारच्या शिपायांचे पाय झिजले. मग ग्वाल्हेरवाले दोषी? प्रश्न हास्यास्पद वाटतो, आणि वाटायलाच हवा. पण वंशाने किंवा गावाने दोष उतरतो असं एकदा मानलं, की या प्रश्नावर हसण्याची सोय उरत नाही.

याहून अवघड प्रश्न लोद गावाचा आहे. जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने लिद्दा आणि रामला ही अरब शहरं घेतली आणि पन्नास हजारांहून अधिक माणसांना उन्हात पायी बाहेर काढलं. वयाचा विचार न करता रहिवाशांना हाकला, अशा लेखी हुकुमावर यित्झाक राबिन यांची सही होती. लिद्दाचं लोद झालं. पुढच्या दशकांत कोकणातून आणि मुंबईतून गेलेले बेने इस्रायली लोद आणि रामला इथे वसले. हे घरात मराठी बोलणारे लोक, अलिबाग-पेणचे शनिवार तेली. त्यांना तिथे घर मिळालं, पण मान सहजी मिळाला नाही. त्यांचं ज्यूपण अस्सल की नाही यावर तिथल्या धर्मगुरूंनी शंका घेतली, आणि १९६४ पर्यंत झगडून त्यांना आपला हक्क मिळवावा लागला.

त्या मराठी कुटुंबांनी लिद्दातल्या कुणालाही हाकललं नव्हतं. त्यांच्या माथी तो गुन्हा मारता येत नाही. तरी तिथली घरं मोकळी कशी झाली हा प्रश्न त्यांच्या अंगणात उरतोच. दोष नाही, पण देणं आहे, असं मला वाटतं. वडिलोपार्जित जमीन सुखाने कसणाऱ्याने सात-बाऱ्यावर खोडलेलं कूळ कोण होतं हे निदान नाकारू नये, इतकंच ते देणं असेल. भरपाईचा प्रश्न त्यानंतरचा. गंमत म्हणजे नाकारण्यासाठीच तिथे सर्वांत जास्त कष्ट घेतले गेले. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब पुढाऱ्यांच्या रेडिओवरच्या हाकेने आपणहून गेले, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. १९६१ मध्ये अर्स्किन चाइल्डर्स या आयरिश पत्रकाराने तेव्हाच्या प्रक्षेपणांच्या नोंदी तपासल्या. तशी हाक सापडली नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इस्रायली इतिहासकार बेनी मॉरिस यांनी खुल्या झालेल्या इस्रायली कागदपत्रांतून गावागणिक कारणं मांडली: कुठे भीती, कुठे लढाई, कुठे उघड हकालपट्टी. 'सगळे हाकलले' आणि 'सगळे गेले' ही दोन्ही वाक्यं त्या कागदांपुढे टिकली नाहीत. पण त्यांना परत मात्र येऊ दिलं नाही. त्याला कारणं शोधावी लागत नाहीत, ते सरकारचं धोरण होतं.

इथे वाजपेयींचं नाव घेतल्याशिवाय ग्वाल्हेरचा लेख पुरा होणार नाही. शिंदे की छावणीतला हा मुलगा १९७७ मध्ये जनता पक्षाच्या विजयसभेत म्हणाला होता, की इस्रायलने बळकावलेली अरबांची जमीन त्याला सोडावी लागेल. त्याच वर्षी परराष्ट्रमंत्री असताना त्यांच्या कारकिर्दीत मोशे दायान गुपचूप दिल्लीत येऊन गेले. सप्टेंबर २००३ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या इस्रायली पंतप्रधानाचं स्वागत पंतप्रधान वाजपेयींनीच केलं. ते पंतप्रधान एरियल शेरॉन होते. यात विसंगती शोधणारे शोधोत. परराष्ट्र धोरण अशाच दोन ताटांत जेवतं.

शेरॉन यांच्याबद्दल त्यांच्याच देशाने काय लिहून ठेवलं आहे, ते जास्त महत्त्वाचं. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरुतच्या साब्रा आणि शतिला छावण्यांत लेबनॉनच्या फलांजिस्ट टोळ्यांनी शेकडो पॅलेस्टिनी कापले; काही अंदाज साडेतीन हजारांपर्यंत जातात. छावण्यांना वेढा इस्रायली सैन्याचा होता. तेल अवीवमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि सरकारला काहान आयोग नेमावा लागला. आयोगाने सांगितलं, की सुरे चालवणारे फलांजिस्ट होते, पण त्यांना आत सोडल्यास काय होईल हे ओळखण्याची जबाबदारी संरक्षणमंत्री शेरॉन यांची होती आणि ती त्यांनी वैयक्तिकरीत्या चुकवली. शेरॉन यांना ते खातं सोडावं लागलं. निष्कर्ष अनेकांना मवाळ वाटला, मलाही वाटतो. तरी हात कुणाचा, परवानगी कुणाची आणि डोळेझाक कुणाची, ही तीन पातळ्यांची विभागणी एका देशाने आपल्याच मंत्र्याविरुद्ध कागदावर केली, ती ज्यू किंवा अरब समाजावर सरसकट दोष न टाकता.

आताच्या रक्तपाताला हीच मोजपट्टी लावली तर चित्र धूसर होत नाही, उलट स्वच्छ होतं. ७ ऑक्टोबरला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली आणि २५१ ओलीस नेली. त्याआधीच्या कोणत्याही पानाने हे क्षम्य ठरत नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांत गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार साठ हजारांहून अधिक माणसं मेली, अन्न आणि औषधं अडवली गेली. तेही ७ ऑक्टोबरने क्षम्य होत नाही. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणणाऱ्याला 'तोल सांभाळणारा' म्हणून हिणवतात. मी तोल सांभाळत नाही. ज्याच्याकडे विमानं, सीमेच्या किल्ल्या आणि पाण्याचा नळ आहे, त्याच्या निर्णयांचा हिशेब मोठाच निघणार. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये व्याप्त प्रदेशातली इस्रायलची उपस्थितीच बेकायदा आहे, असा अभिप्राय दिला. तो राज्याच्या वर्तनाविषयी आहे. पुण्यात किंवा पनवेलमध्ये सिनेगॉगसमोर घोषणा देणाऱ्याला त्यातून काही अधिकार मिळत नाही. गाझातलं मूल 'त्यांचंच' म्हणून टीव्हीपुढे खांदे उडवणाऱ्याला ७ ऑक्टोबरमधूनही मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी मे २०२४ मध्ये समूह टाळून पाच नावं घेतली: हमासचे सिनवार, हनिये, देइफ आणि इस्रायलचे नेतान्याहू, गॅलंट. त्यांपैकी हमासचे तिघेही खटल्याविना मारले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये वॉरंट निघूनही उरलेले दोघे त्या न्यायालयासमोर आलेले नाहीत. त्यामुळे ७ ऑक्टोबरचा हुकूम कुणी, कधी आणि काय ठरवून दिला, आणि गाझाची उपासमार कुणाच्या सहीने झाली, याच्या साक्षी उलटतपासणीत अजून तपासल्या गेलेल्या नाहीत. काहान आयोगासारखा सरकारी चौकशी आयोग नेमा, ही मागणी घेऊन त्या दिवशी मारल्या गेलेल्यांचे आणि ओलिसांचे नातेवाईक २०२५ मध्येही इस्रायलच्या रस्त्यांवर उभे होते. नेतान्याहू सरकार ती मागणी टाळत होतं.