दाविदाने न प्यायलेले पाणी



शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात पाण्याची एक गोष्ट आहे. दावीद अदुल्लामच्या गुहेत होता आणि बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे होते. तहानलेल्या दाविदाच्या तोंडून सहज निघून गेले, की गावच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी कोणी आणून दिले तर किती बरे होईल! त्याचे तीन वीर शत्रूची फळी फोडून गेले आणि पाणी घेऊन आले. पण दाविदाला ते घशाखाली उतरवेना. ज्यासाठी माणसांनी जीव धोक्यात घातला, ते पाणी त्याला त्यांच्या रक्तासारखे वाटले. त्याने ते परमेश्वरापुढे ओतून अर्पण केले.

दाविदाने पाणी वाया घालवले नाही. पाण्यामागे कोणाचे कष्ट आहेत, हे त्याने ओळखले.

राणीसावरगाव-गंगाखेड भागात राहणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्या जमिनीखाली काळा पाषाण आहे, त्यात पाणी थोडेच साठते. पावसाने ओढ दिली की विहीर, हापसा, बोअर एकामागून एक आटतात. मग घागर चढते ती बहुधा आईच्या, सुनेच्या, नाहीतर शाळकरी मुलीच्या डोक्यावर. शेजारच्या लातूर शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे शहराची वस्ती 3 लाख 80 हजारांवर होती. म्हणजे माणशी दीड लिटरही नाही!

असे पाणी आपल्या घरात कसे वापरले जाते? नळ किंवा टँकर आला की कालचे पाणी ‘शिळे’ म्हणून आपण मोरीत ओततो. झाकून ठेवलेले स्वच्छ पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. भांडी आठवड्यातून एकदा आतून घासून कोरडी करावीत, म्हणजे डासांची अंडी राहणार नाहीत. पण तळाचे पाणी सडा-सारवणाला किंवा झाडाला घालावे. तांदूळ-डाळ, भाजी धुतलेले पाणी तुळशीला, कढीपत्त्याला चालते. कपड्यांचे साबणाचे पाणी संडासात वापरता येते. खरकटी भांडी आधी पुसून घेतली, तर थोड्या पाण्यात निघतात. पाहुण्यांपुढे भरलेले पेले ठेवण्यापेक्षा आपली तांब्या-भांड्याची जुनी रीत बरी. ज्याला जेवढे हवे तेवढे तो घेतो. नळ गळत असेल तर एक रात्र खाली बादली ठेवून पाहा. सकाळी त्या पाण्याकडे पाहिल्यावर वायसर बदलायला कोणी सांगावे लागणार नाही.

पावसाळ्यात पत्र्याला पन्हळ लावा. 10 फूट रुंद आणि 20 फूट लांब पत्र्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळजवळ 185 लिटर पाणी येते. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे, पुढचे पिंपात धरावे. धुण्याभांड्याला ते पुरेल आणि आईच्या तितक्या खेपा वाचतील.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. घरात पाणी जपून वापरण्यासारख्या लहान कृतींनाही त्यांनी त्यात मानाचे स्थान दिले. आपण उधळलेली घागर कोणाच्या तरी हक्काची असते. शोमरोनी स्त्रीपाशी विहिरीवर पाणी मागणारा प्रभू आजही तहानलेल्या शेजाऱ्याच्या रूपाने आपल्यापुढे उभा आहे.

दाविदाने पाणी ओतून अर्पण केले. आपण ते राखून अर्पण करू या. या आठवड्यात प्रत्येक घराने एवढेच करावे: घरात पाणी कोण भरते ते पाहावे, आणि पुरुषांनी व मुलग्यांनी त्यातल्या दोन खेपा आपल्या डोक्यावर घ्याव्यात. ज्याने घागर वाहिली, त्याला पाणी जपायला शिकवावे लागत नाही.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.