नाताळचे गायन व गावचे देऊळ

शास्त्रभाग : लूक २ : ८-२०



नाताळ जवळ आला म्हणजे खेड्यांतील मंडळ्यांतून एकच तक्रार कानी येते. “आमच्यापाशी पेटी नाही, शिकलेले गाणारे नाहीत, साऱ्या गावाला बोलावून त्यांच्यापुढे आम्ही काय गावे?” कित्येक ठिकाणी तर या लाजेने दार लोटून घेऊन गायन उरकितात. अशा मंडळ्यांनी ओबर्नडॉर्फ येथील देवळाची हकीकत ऐकावी.

हे गाव ऑस्ट्रिया देशात साल्झाख नदीच्या काठी आहे. तेथे मिठाची ने-आण करणाऱ्या नावाड्यांची वस्ती होती. १८१६ साली नदी हीच दोन राज्यांची सीमा ठरली आणि पैलतीरीचे लाउफेन शहर, ज्याचा हे गाव एक भाग होते, ते परराज्यात राहिले. त्याच वर्षी थंडीने युरोपात पिके बुडाली. अशा दुःखी गावी योसेफ मोर नावाचा तरुण साहाय्यक याजक आला. तो १७९२ साली अविवाहित आईच्या पोटी जन्मला होता. ती विणकाम करून पोट भरी. बाप फौजेतून पळालेला शिपाई. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून नाव लागले ते शहराच्या जल्लादाचे! अशा जन्मामुळे त्याला याजक होण्यास विशेष परवानगी घ्यावी लागली.

२४ डिसेंबर १८१८ रोजी मोराने आपले एक गीत शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबर यांच्या हाती देऊन दोन गळ्यांसाठी व गिटारीच्या साथीने चाल मागितली. त्याच रात्री संत निकोलसाच्या देवळात दोघांनी ते गाइले. (उंदरांनी बाजाचा भाता कुरतडला होता असे लोक सांगतात, पण ग्रूबरांनी १८५४ साली स्वतः लिहिलेल्या वृत्तांतात उंदरांचे नावही नाही.) ती मंडळी रोमन पंथाची होती, तथापि तेच ‘श्टिले नाख्ट’ हे गीत आज सर्व पंथांचे ख्रिस्ती लोक गातात. ते देऊळ पुढे पुरांनी खिळखिळे होऊन पाडले गेले.

आता शास्त्रभाग पाहा. देवदूतांचे स्तवन रानात झाले. गावात ते वर्तमान नेले मेंढपाळांनी. त्यांचा गळा कोणी पारखिला काय? रेव्ह. नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाच्या चालींवर ख्रिस्तगीते रचिली. त्यांना टाळ पुरेत, आणि टाळ आपल्या घरी आहेत.

पण खरी अडचण पेटीची नव्हे. आपल्यातील पुष्कळांचे आजे-पणजे गावदेवळाच्या पायरीखाली उभे राहून भजन ऐकत. ज्याच्या आजोबांनी त्यांना तेथे उभे केले, तोच या नाताळी आपल्या दाराशी आला तर त्याला कोठे बसवाल? बाहेर उभा करावा असे कोणाच्या मनात येईलही; ते मन मी समजतो. परंतु दूताने सांगितलेला आनंद सर्व लोकांसाठी होता, आणि त्यात तोही आला.

म्हणून उपदेशकांनी आधीच घरोघर, वेशीच्या आतही, आमंत्रण द्यावे. पाटलासाठी वेगळी खुर्ची मांडू नये. सतरंजी एकच असावी. पहिले गीत मंडळीतील सर्वांत गरीब घरच्या मुलीने उचलावे. शेवटी चहा सर्वांना एकाच भांड्यातून द्यावा. कोणी न घेता उठला तर रागावू नये, त्याला कंदील दाखवून वाटेपर्यंत पोहोचवावे.