निवाड्यास कारण की

चेक परत करायचा झाला तर आम्ही बँकवाले त्याला एक चिठ्ठी जोडतो. सही जुळत नाही, तारीख उलटली, शिल्लक अपुरी. छापील कारणांपैकी एकावर खूण करायची आणि चेक खिडकीबाहेर. 'चेक देणाऱ्याला विचारा' हे त्यातलं माझं लाडकं कारण. दिसायला कारण, आत काही नाही. पण २०० रुपयांचा चेकसुद्धा आम्ही मुक्याने परत करत नाही.

अशा माणसाला सोसायटीने लवाद नेमलं. वाद साधा. दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंच्या छताला ओल आली. भाऊंचं म्हणणं, वरचे नाना कुंड्यांना पाणी घालतात, म्हणून. मी दोघांकडे जाऊन आलो. भाऊंकडे कांदाभजी होती. नानांकडे नाना होते. रात्री निवाडा दिला : 'नानांनी भाऊंना रंगाचे ३,५०० रुपये द्यावेत.' सही, तारीख.

नानांनी पैसे मोजून दिले. मग माझ्याकडे आले. "पैशाचं काही नाही हो. पण का, तेवढं लिहून द्या."

मला रागच आला. बी.कॉम.ला व्यापारी कायदा शिकलेला मी. १९४० च्या लवाद कायद्यात कारणं द्यायची सक्ती नव्हती. नुसती कारणं नाहीत म्हणून निवाडा रद्द होत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी १९८९ साली रायपूरच्या एका प्रकरणात सांगितलं होतं. करारातच कारणं मागितली असतील तर गोष्ट वेगळी. इंग्लंडच्या लॉर्ड मॅन्सफील्डने तर, म्हणे, एका नव्या गव्हर्नरला सल्लाच दिला होता : निकाल बेधडक द्या, कारणं देऊ नका, निकाल बहुधा बरोबर येईल, कारणं हमखास चुकतील. हा गृहस्थ आमच्या हेड ऑफिसात शोभला असता.

पण १९९६ चा कायदा नानांच्या बाजूचा निघाला. पक्षकारांनी आपसांत 'कारणं नकोत' असं ठरवलं नसेल, किंवा तडजोड झाली नसेल, तर लवादाने कारणं द्यायचीच. ती योग्य हवीत, समजतील अशी हवीत आणि पुरेशी हवीत, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ साली डायना टेक्नॉलॉजीजच्या प्रकरणात म्हटलं. तो निवाडा १९९८ चा! एकवीस वर्षं लोक 'का'च्या मागे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. निवाडा टिकला नाही तो नाहीच. वाद एवढा जुना झालेला पाहून कोर्टाने ३० लाख देववून तो मिटवला.

त्याच कायद्यात एक सोयही आहे. पक्षकाराने मागितलं तर कोर्ट आपलं काम थांबवून, कारणांतली उणीव भरून काढायला निवाडा लवादाकडे धाडू शकतं. मात्र मुद्द्यावर निष्कर्षच काढलेला नसेल तर तो मागून चिकटवता येत नाही, असं २०२२ साली ठरलं. म्हणजे कारणं आधी डोक्यात असायला हवीत, फक्त कागदावर यायची राहिलेली. माझ्या डोक्यात काय होतं?

कागद घेऊन बसलो. कारण एक : कुंड्या नानांच्या. कारण दोन : पाणी खाली वाहतं. तिसऱ्यासाठी भाऊंचा तक्रार अर्ज काढला. कारकुनाची नजर आधी तारखेवर जाते. ओल दिसली २० मेला. अख्खा मे महिना नाना मुलीकडे नागपूरला होते, आणि त्यांच्या घराची किल्ली आमच्याच खिळ्याला लटकत होती. पाणी घालायचं आम्ही कबूल केलं होतं. घातलं नाही. मोगरा वाळला. त्यावरून नाना आमच्या हिला चार शब्द बोलले होते, आणि ते शब्द मी विसरलो नव्हतो.

खरं कारण तेवढंच होतं. ते छापील यादीत बसेना.

सकाळी पाकिटात ३,५०० रुपये घालून वर गेलो. भाऊंकडून परत मागायचं धाडस नव्हतं, म्हणून स्वतःचेच. नानांनी दार उघडलं, पाकीट उघडलं, नोटा मोजल्या.

"हे का?" त्यांनी विचारलं.